किशोरवय आणि संगीत यांवरील कादंबऱ्या : सीमाभागातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर आम्ही काही जण उन्हाळ्याच्या सुटीत कादंबऱ्या वाचतो. गेल्या काही सुट्यांमध्ये आम्ही मुद्दाम एकच विषय धरला : गाणारी, वाजवणारी किंवा निदान गाण्याने झपाटलेली मुले ज्यांत आहेत अशा कादंबऱ्या. त्या निमित्ताने पालक, शिक्षक आणि स्वतः मुले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

‘यंग अ‍ॅडल्ट’ कादंबरी म्हणजे नेमके काय? आपल्याकडचे किशोरसाहित्य तेच नव्हे का?

बारा ते अठरा या वयाचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आणि साधारण त्याच वयाच्या मुलाच्या किंवा मुलीच्या नजरेतून सांगितलेली कादंबरी, एवढी ढोबळ व्याख्या कामापुरती पुरेशी आहे. अमेरिकेत या प्रकाराला स्वतंत्र ओळख मिळवून देण्याचे श्रेय बहुतेक वेळा १९६७ साली आलेल्या ‘द आउटसायडर्स’ला दिले जाते, ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन अवघी अठरा वर्षांची होती, हे मुलांना सांगितले की त्यांचे कान टवकारतात.

आपल्या किशोरसाहित्याशी तिचे नाते आहे, पण दोन्ही एक नव्हेत. आपल्याकडच्या बऱ्याच किशोरकथांत साहस असते, विनोद असतो आणि कुठेतरी मागे उभे राहून सगळे पाहणारे एक समजूतदार वडीलधारे माणूसही असते. यंग अ‍ॅडल्ट कादंबरीत ते माणूस नसते. असलेच तर त्याचेही चुकते. निवेदकाला जेवढे कळते तेवढेच वाचकाला कळते, आणि पंधराव्या वर्षी एखादी गोष्ट जगबुडीइतकी मोठी वाटते तेव्हा ती तितकीच मोठी म्हणून लिहिली जाते, नंतरच्या शहाणपणाने लहान करून नव्हे.

या प्रकारात संगीतावर इतक्या कादंबऱ्या का लिहिल्या जातात?

लेखकाच्या दृष्टीने संगीत ही फार सोयीची गोष्ट आहे. गाणे शिकायचे तर वेळ लागतो, पैसा लागतो, जागा लागते आणि घरच्यांची परवानगी लागते, आणि त्या वयात या चारही गोष्टी मोठ्यांच्या हातात असतात. त्यामुळे पेटी हवी की शिकवणी हवी, रियाज पहाटे करायचा की शेजारी उठल्यानंतर, क्लासला एकटीने जायचे की भावाला बरोबर घेऊन, अशा साध्या साध्या प्रश्नांतून घरातले सगळे ताण आपोआप उघडे पडतात, आणि लेखकाला त्यासाठी भांडण मुद्दाम रचावे लागत नाही.

दुसरे कारण असे की संगीतात खोटे फार काळ चालत नाही. सूर लागला की नाही, हे शिकवणाऱ्याला कळते, बरोबरच्या मुलांना कळते आणि पुढे पुढे स्वतःलाही कळू लागते. आपण नेमके कोण आहोत या प्रश्नाने त्रासलेल्या वयात, रोज तासभर स्वतःचा खरेखोटेपणा कानांनी तपासावा लागणे, यापेक्षा चांगले कथाबीज शोधून सापडणार नाही.

म्हणूनच आम्ही निवड करताना एक कसोटी लावतो आणि ती वापरून पाहावी असे आपल्यालाही सुचवतो : ज्या कादंबरीत मैफलीपेक्षा रियाजाला जास्त पाने मिळाली आहेत, ती बहुधा चांगली निघते. पहिल्या प्रकरणात मुलगा बेसूर, मधल्या प्रकरणात कष्ट दोन परिच्छेदांत उरकलेले आणि शेवटी स्पर्धेत पहिला क्रमांक, असा आराखडा दिसला की समजावे, लेखकाला बक्षिसात रस आहे, संगीतात नाही.

सुरुवात कोणत्या कादंबऱ्यांनी करावी?

इंग्रजी वाचनाची थोडीफार सवय असेल तर पुढील चार-पाच पुस्तकांतून निवड करता येईल. सगळी एकामागून एक वाचण्याची गरज नाही.

गेल फोरमन यांची ‘इफ आय स्टे’ (२००९) ही चेलो वाजवणाऱ्या मिया नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. अपघातानंतर ती बेशुद्धावस्थेत आहे आणि परत फिरायचे की नाही हे तिला ठरवायचे आहे. पण आमच्या मुलांना जास्त भिडले ते दुसरेच. मियाचे आईवडील रॉक आणि पंक संगीतात वाढलेले आहेत आणि अशा घरात मुलीने पाश्चात्त्य अभिजात वाद्य हाती घेतले आहे. आपल्याकडे वडील शास्त्रीय संगीताचे आणि मुलगा गिटारचा, असा वाद ठरलेला असतो. येथे तो नेमका उलटा आहे. घरचे कोणीही विरोध करत नाही, तरीही मुलीला आपण या घरात परके आहोत असे वाटत राहते, ही बारीक जागा लेखिकेने चांगली पकडली आहे.

अ‍ॅन्जी थॉमस यांच्या ‘ऑन द कम अप’ (२०१९) मधील ब्री ही सोळा वर्षांची मुलगी रॅप करते. तिचे वडील रॅपर होते आणि त्यांचा खून झालेला आहे. आईची नोकरी जाते आणि घरातील अन्नाचा प्रश्न खरोखर उभा राहतो. तिच्या एका गाण्याचा लोक भलताच अर्थ लावतात, आणि त्या अर्थाप्रमाणे वागून प्रसिद्धी मिळवायची की नाही, हा पेच आहे. कागदावर ओळी जुळवताना तिच्या डोक्यात यमके कशी सरकतात, ते लेखिका सविस्तर दाखवते, आणि आमच्या कसोटीला ही कादंबरी पूर्ण उतरते.

अँटनी जॉन यांच्या ‘फाइव्ह फ्लेव्हर्स ऑफ डम्ब’ (२०१०) मध्ये ऐकू न येणारी पायपर नावाची मुलगी एका रॉक बँडची व्यवस्थापक होते. ‘ऐकू येत नाही तर संगीत कसले?’ हा प्रश्न वाचण्यापूर्वी मुलांना विचारावा आणि वाचून झाल्यावर पुन्हा विचारावा. रेनबो रॉवेल यांची ‘एलेनॉर अँड पार्क’ १९८६ सालातील आहे. शाळेच्या बसमध्ये शेजारी बसणारी दोन मुले आधी कॉमिक आणि मग कॅसेटवर भरलेली गाणी यांच्या देवघेवीतून जवळ येतात. ज्या पालकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत गाण्यांची यादी देऊन दुकानातून कॅसेट भरून आणली आहे, त्यांनी हे पुस्तक मुलांच्या आधी वाचायला हरकत नाही.

पद्मा वेंकटरामन यांची ‘अ टाइम टू डान्स’ (२०१४) ही गाण्याची नव्हे, नृत्याची कादंबरी आहे, तरीही ती या यादीत आहे. चेन्नईतील वेदा ही भरतनाट्यम शिकणारी मुलगी अपघातात पाय गमावते आणि कृत्रिम पायावर पुन्हा नाचायला शिकते. कादंबरी मुक्तछंदात आहे, ओळी लहान आहेत, त्यामुळे इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलांना ही सर्वांत आधी द्यावी, असा आमचा अनुभव आहे.

रॅप, रॉक, चेलो, हे सगळे आमच्या मुलांना परके नाही का?

वाद्य परके असेल, घर परके नसते. येळ्ळूरच्या एका मुलाने ‘ऑन द कम अप’ वाचून झाल्यावर सांगितले की भजनात एकाने अभंग म्हटला की दुसऱ्याने त्याच्यावर चढ करायची असते, तसेच हे रॅपचे सामने आहेत. तुलना काटेकोर नाही, पण त्याला पुस्तकात शिरायला दार सापडले होते, आणि आम्ही ते बंद केले नाही.

मराठीत असे काही आहे का?

या प्रश्नावर थोडे थांबावे लागेल, कारण सर्वांत चांगले उत्तर आपल्या अंगणातच आहे. प्रकाश नारायण संत यांच्या लंपन या मुलाच्या कथा ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांत आल्या आहेत. आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा ज्या गावात वावरतो, ते कन्नड आणि मराठी एकमेकांत मिसळलेले, बेळगावकडच्या वाचकाला पहिल्या पानावरच ओळखीचे वाटणारे गाव आहे. आणि दुसऱ्या पुस्तकाचे नावच ‘शारदा संगीत’ आहे. लेखकाच्या आई, कवयित्री इंदिरा संत, बेळगावातच राहत असत, त्यामुळे ही भाषा कोठून आली, हे वेगळे सांगायला नको.

मात्र काटेकोरपणे पाहिले तर या कादंबऱ्या नव्हेत, कथा आहेत, आणि लंपन अजून किशोरवयाच्या उंबऱ्यावर आहे. शिवाय त्या लिहिल्या आहेत त्या मोठ्यांसाठीही. एका प्रौढ माणसाने जपून ठेवलेले बालपण त्यांच्या तळाशी आहे, आणि यंग अ‍ॅडल्ट कादंबरीत जी घाई, जो राग आणि जो आडमुठेपणा असतो, तो येथे क्वचितच भेटतो. म्हणून आम्ही ही पुस्तके वाचतो ती त्या प्रकारचा नमुना म्हणून नव्हे. आपल्या गावातले मराठी, कन्नड हेल आणि कन्नड शब्द यांच्यासकट, न लाजता छापील पानावर येऊ शकते, हे मुलांनी स्वतः पाहावे यासाठी वाचतो. चौदा-पंधरा वर्षांच्या सीमाभागातील गाणाऱ्या मुलीची, तिच्याच तोंडून सांगितलेली मराठी कादंबरी आमच्या कपाटात अजून नाही. हे पान लिहिण्यामागे ती रिकामी जागा भरून निघावी ही इच्छाही आहे, हे लपवण्याचे कारण नाही.

घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी. मग वाचावे कोणत्या भाषेत?

जी भाषा हाताशी असेल तिच्यात वाचावे आणि गप्पा हव्या त्या भाषेत माराव्यात. आमच्या गटात पुस्तक इंग्रजी, चर्चा मराठी आणि भांडण कन्नड, असे सर्रास होते. भाषेचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात १९५६ पासून किती हळवा आहे याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे. पण संगीताच्या बाबतीत हा भाग नेहमीच दोन्ही घरांत जेवलेला आहे. ‘संगीत शाकुंतल’ने १८८० साली मराठी संगीत रंगभूमीला वळण देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, आणि हे गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यातच आहे. भीमसेन जोशी यांनी ज्या गळ्यातून अभंग गायले त्याच गळ्यातून कन्नड दासपदे, म्हणजे हरिदास संतांची भक्तिपदे, गायली. मुलांना हे ठाऊक असले की पुस्तकाच्या भाषेवरून होणारे रुसवेफुगवे बरेच कमी होतात.

कादंबऱ्यांऐवजी गायकांची चरित्रे दिली तर चालणार नाही का?

चालतील, किंबहुना जोडीने द्यावीत. पण दोहोंचे काम निराळे आहे हे ध्यानात ठेवावे. चरित्र वाचताना शेवट आधीच ठाऊक असतो. अकरा वर्षांचा एक मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून पळून जातो, हे आपण निर्धास्तपणे वाचतो, कारण तो पुढे भारतरत्न भीमसेन जोशी होणार आहे. त्या रात्री त्याच्या आईला मात्र ते ठाऊक नव्हते. कादंबरी आपल्याला त्या आईच्या आणि त्या मुलाच्या अज्ञानात नेऊन बसवते.

आपल्या परिसरातील तीन आयुष्ये तर कादंबरीची वाट पाहत असल्यासारखीच आहेत. पहिले भीमसेनांचे : भटकंतीनंतर १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे सुरू झालेले शिक्षण आणि गुरुघरी पाणी भरण्यापासून सुरू झालेली सेवा. दुसरे गंगूबाई हनगल यांचे, ज्या त्याच गुरूंकडे शिकण्यासाठी हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जात असत. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात असत. मुलीच्या हिंदुस्थानी गायकीवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे थांबवले, या एका वाक्यात एक अख्खी कादंबरी आहे, आणि ती मुलीची आहे की आईची, हे लेखकाने ठरवायचे आहे.

तिसरे आयुष्य बेळगावजवळच्या सुळेभावी गावात ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेल्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ या मुलाचे. मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब गात असे. लहानपणीच त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली आणि पुढे मुंबईला बी. आर. देवधर यांच्याकडे त्याचे शिक्षण झाले. सगळे जग ज्याच्या नकलेवर टाळ्या वाजवते आहे, त्या मुलाला स्वतःचा आवाज कधी आणि कसा सापडला असेल, हा प्रश्न आम्ही दर वर्षी विचारतो. उत्तरे दर वर्षी निराळी येतात, आणि हल्ली रील बनवणारी मुले त्यावर सर्वांत जास्त वेळ बोलतात.

आमच्या मुलाचा आवाज फुटला आहे आणि त्याने गाणेच सोडले आहे. यावर काही कादंबरी सुचवाल का?

हा प्रश्न पुस्तकांपेक्षा मोठा आहे, म्हणून आधी वस्तुस्थिती सांगतो. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा स्वरयंत्राचा भाग वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण तो दोन-तीन स्वरांइतकाच उतरत असल्याने फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. या काळात आवाज मध्येच चिरकतो. कालपर्यंत काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलाला आज आपली पट्टी कोणती हेच कळत नाही. गळ्यावर ताण न देता, सोयीच्या पट्टीत, थोडे थोडे गाणे हा बहुतेक शिक्षकांचा सल्ला असतो; त्या काळात तबला किंवा पेटी शिकावी असेही काही जण सुचवतात. आवाज दीर्घकाळ बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

कादंबरीकारांनी या गोष्टीकडे पाहावे तितके पाहिलेले नाही, असे आमचे मत आहे. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात ईशस्तवन म्हणणाऱ्या मुलाला एका जूनमध्ये शेवटच्या रांगेत उभे केले जाते. कोणी रागावत नाही, कोणी कारणही सांगत नाही. मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलेलो आहे. तेव्हा कोणी मला हे एवढे जरी समजावले असते की हे सर्वांचे होते, तरी मी गाणे सोडले नसते, असे आजही वाटते. तूर्त अशा मुलाला ‘फाइव्ह फ्लेव्हर्स ऑफ डम्ब’ द्यावी. तिच्यात आवाज फुटण्याचा विषय नाही, पण शरीराने अडवले तरी संगीतात राहण्याच्या वाटा किती असतात, हे तिच्यात आहे.

या पुस्तकांत प्रेम, शिव्या, दारू असते. पालकांनी काय करावे?

काहींत असते, विशेषतः ‘एलेनॉर अँड पार्क’मध्ये घरातील हिंसाही आहे. पुस्तक आधी स्वतः वाचावे आणि मग द्यावे किंवा देऊ नये. न वाचता बंदी घातली की ते पुस्तक मोबाइलवर वाचले जाते, एवढेच.

दहावीचे वर्ष आहे, शिवाय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा आहे. कादंबरीला वेळ कोठून आणायचा?

प्रवेशिका पूर्ण आणि दहावी एकाच वर्षी आल्याने ओढाताण होते, हे खरे आहे. त्या वर्षी वाचू नये. मार्च संपल्यावर वाचावे.

पुस्तके कोठे मिळतील?

मराठी पुस्तकांसाठी गावातील वाचनालय हा पहिला पत्ता आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील मराठी साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागले तर तेथे जरूर पाहावे. इंग्रजी कादंबऱ्या मागवाव्या लागतात, आणि चार घरांनी मिळून एकेक प्रत घेतली तर खर्च जाणवत नाही.

वाचताना गाणी ऐकवावीत का?

ऐकवावीत, पण प्रकरण वाचून झाल्यावर. आधी ऐकवले तर मुले पानावरचे वर्णन वाचतच नाहीत. वाचून मनात जे वाजले ते आधी त्यांना सांगू द्यावे आणि मग खरा चेलो ऐकवावा; दोहोंतील फरकावर अर्धा तास सहज जातो.

मला स्वतःलाच अशी कादंबरी लिहायची आहे. मी नववीत आहे. कोठून सुरुवात करू?

एका वाद्यापासून कर, आणि शक्यतो ते तुझ्या घरात किंवा गल्लीत असलेले वाद्य असू दे. पेटीचेच घे. बेळगाव हे पेटीचे गाव आहे. रामभाऊ विजापुरे यांनी येथे कितीतरी वर्षे पेटी शिकवली. हीच पेटी १९४० पासून आकाशवाणीवर वाजवायला बंदी होती आणि ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. जे वाद्य आपल्या गावात घरोघरी वाजते, तेच रेडिओला चालत नाही, हे कळलेल्या साठच्या दशकातील एखाद्या मुलाला काय वाटले असेल?

किंवा तंबोऱ्याचे घे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे भोपळा वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची (घोडी घासून तारांचा गुंजणारा नाद जुळवण्यापर्यंतची) कामे हातांनी होतात, आणि मिरज बेळगावहून रेल्वेने काही तासांवर आहे. एकदा जाऊन, परवानगी घेऊन, दिवसभर नुसते बसून ये. किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरील चौंडके, म्हणजे देवीची गाणी म्हणताना वाजवतात ते एकतारी वाद्य, घे. पण ते वाजवणाऱ्या बायकांच्या आयुष्याबद्दल लिहायचे तर आधी त्यांच्याशी बोलावे लागेल, आणि बोलायला कन्नड लागेल. शिवजयंतीच्या मिरवणुकीतील झांजपथकात मुलींनी उभे राहावे की नाही, यावरून एखाद्या घरात वाद झाला असेल, तर तोही विषय पुरेसा मोठा आहे.

लिहिताना ‘तिच्या सुरांनी सारे मंत्रमुग्ध झाले’ हे वाक्य वापरू नकोस. त्याने काहीच ऐकू येत नाही. कोमल रिषभ लागत नव्हता तेव्हा हात कोठे होता, दाराबाहेर कोण उभे होते, खाली रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाच्या हॉर्नचा सूर आपल्या षड्जाशी कसा भांडत होता, ते लिही. पात्रे घरात जसे बोलतात तसे बोलू देत, आणि आजी कन्नडमध्ये रागावत असेल तर तिला कन्नडमध्येच रागावू दे, फक्त ते देवनागरीत लिही. पहिली वीस पाने झाली की वहीसकट आमच्याकडे ये. टंकलिखित नको, खाडाखोड दिसायला हवी.